टीडीएस कापला, पण क्रेडिट मिळालं नाही : घोळ नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

दरवर्षी जुलैपासून दिवाळीपर्यंत माझ्या फोनवर ठरलेले तीन मेसेज येतात. "पगारातून टॅक्स कापलाय, तरी डिमांड आली." "रिफंड बारा हजार दाखवत होता, हातात शून्य." आणि तिसरा, "नोकरी बदलली, दोन्ही फॉर्म १६ आहेत, आता रिटर्न भरायला बसलो तर अठ्ठ्याऐंशी हजार भरा म्हणतंय!" नावं बदलतात, मेसेज तेच.

मी सीए नाही. एका लहान कारखान्यात हिशेबाला आहे. दर तिमाहीला टीडीएसचं, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेल्या कराचं, विवरणपत्र भरणं माझ्या गळ्यात असतं. त्यामुळे कापणाऱ्याच्या बाजूने काय काय चुका होतात ते मला चांगलं ठाऊक आहे, निम्म्या मी स्वतः केलेल्या आहेत.

गोंधळाचं मूळ एका समजुतीत आहे. सॅलरी स्लिपवर टीडीएसचा आकडा दिसला की तो आपल्या नावावर जमा झाला असं आपण धरून चालतो. पण पैसे कापणं, ते सरकारकडे भरणं आणि ते कुणाचे म्हणून भरले हे सांगणं ही तीन वेगळी कामं आहेत. कपात दर महिन्याला होते. भरणा पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत करायचा असतो, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. आणि कुणाचा किती कापला हे सांगणारं विवरणपत्र तीन महिन्यांतून एकदा जातं : ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि शेवटच्या तिमाहीचं ३१ मे. पगाराचं असेल तर फॉर्म २४क्यू, बाकीच्यांचं २६क्यू. आपलं रिटर्न तपासणारं आयकर खात्याचं बेंगळुरूचं केंद्र, म्हणजे सीपीसी, बघतं ते या तिसऱ्या कामाकडे. त्या विवरणपत्रात तुमच्या पॅनसमोर आकडा आहे का? असेल तर क्रेडिट, म्हणजे ती रक्कम तुम्ही भरलेला कर म्हणून धरतात. नसेल तर तुमची सॅलरी स्लिप तुमच्याजवळ.

एप्रिल-मे महिन्यात घाईने रिटर्न भरू नका असं मी सांगतो त्याचं कारण हेच. जानेवारी ते मार्चचं विवरणपत्र भरायची मुदतच ३१ मे असते, आणि फॉर्म १६, म्हणजे पगारातल्या कपातीचा कंपनीचा दाखला, द्यायची १५ जून. त्याआधी पोर्टलवर जे दिसतं ते अर्धवट असू शकतं. ३१ जुलैपर्यंत वेळ असतो. २०२५ साली तर मुदत १५ आणि मग १६ सप्टेंबरपर्यंत वाढवली होती, पण मुदतवाढीच्या भरवशावर कुणी राहू नये.

एक खुलासा इथेच. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी आयकर कायदा, २०२५ लागू आहे आणि कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतचा हिशेब जुन्याच कायद्याने होतो, म्हणून इथे सगळीकडे जुने क्रमांक दिलेत.

आधी इंटिमेशन उघडा

डिमांड, म्हणजे आयकर खात्याची पैशांची मागणी, आली म्हटल्यावर लोक घाबरून पैसे भरतात, नाहीतर मेल न उघडता ठेवून देतात. दोन्ही चूक. रिटर्न तपासून झालं की कलम १४३(१) ची जी पीडीएफ येते तीच इंटिमेशन, तिचा पासवर्ड म्हणजे स्मॉल अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख, मध्ये मोकळी जागा न सोडता. आत दोन रकाने असतात : एकात तुम्ही भरलेले आकडे, शेजारी त्यांनी काढलेले. पट्टी ठेवून वरून खाली या आणि दोन्ही आकडे पहिल्यांदा कुठे वेगळे पडतात ते बघा. उत्पन्नाच्या ओळीत फरक पडला असेल तर गोष्ट वेगळी. उत्पन्न, वजावटी, कर सगळं जुळतंय आणि थेट टीडीएसच्या ओळीत आकडा कमी झालाय, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

पोर्टलवर डिमांडला उत्तर देताना "डिमांड बरोबर आहे" हा पर्याय चुकूनही दाबू नका. एकदा मान्य केली की नंतर असहमती दाखवता येत नाही. आणि उत्तर न देता गप्पही बसू नका. तीस दिवस उलटले की महिन्याला १ टक्का व्याज चढायला लागतं, आणि पुढच्या एखाद्या वर्षीचा रिफंड कलम २४५ खाली यात वळता होतो.

२६एएस वाचायचं कसं

ई-फायलिंग पोर्टलवरून ट्रेसेसवर, म्हणजे खात्याच्या टीडीएसच्या संकेतस्थळावर, गेलं की फॉर्म २६एएस मिळतो, तुमच्या पॅनवर नोंदलेल्या कराचा तक्ता. वर्ष निवडताना तिथे आकारणी वर्ष मागतात. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ मधल्या कमाईसाठी २०२६-२७ निवडायचं. "माझा टीडीएस दिसतच नाही" म्हणणाऱ्या दहांतले दोघं-तिघं चुकीचं वर्ष उघडून बसलेले असतात. हसू नका, मीही बसलोय.

त्यात प्रत्येक कापणाऱ्याचं नाव, त्याचा टॅन (कर कापणाऱ्याला मिळालेला क्रमांक), आणि खाली एकेक नोंद असते. टॅनच्या पहिल्या तीन अक्षरांवरून गाव कळतं, पीएनई म्हणजे पुणे, एमयूएम म्हणजे मुंबई. पुढे तक्रार कुठल्या अधिकाऱ्याकडे न्यायची हे त्यावरूनच ठरतं. नोंदीच्या ओळीत 'स्टेटस ऑफ बुकिंग' नावाचा एक बारीक रकाना आहे, तिथे एकच अक्षर असतं. एफ असेल तर विषय मिटला, ती रक्कम पक्की. यू म्हणजे विवरणपत्र आलं, पण त्याला जुळणारं चलान सापडलं नाही : एकतर पैसे भरले नाहीत, नाहीतर चलानाचा नंबर, तारीख किंवा बँकेचा सात आकडी बीएसआर कोड चुकला. ओ म्हणजे चलान सापडलं, पण त्यात होते त्याहून जास्त पैसे वाटून दाखवलेत. पी फक्त सरकारी कार्यालयांच्या बाबतीत येतं, ट्रेझरीकडून पडताळणी झाली की त्याचं एफ होतं.

एआयएस हा वेगळा कागद. त्यात बचत खात्याचं व्याज, लाभांश, शेअर-म्युच्युअल फंडाची विक्री असं बरंच काही येतं, उत्पन्न सुटू नये म्हणून तो जरूर बघा. टीडीएसचं भांडण मात्र २६एएसवरच लढायचं.

नोंदच नाही : आमच्या घरची गोष्ट

माझी बायको एका कॉलेजात मराठीचे तास घेते, तासिका तत्त्वावर. वर्षाचं मानधन ८४,००० झालं, त्यातून १० टक्क्यांनी ८,४०० कापले. तिचं एकूण उत्पन्न करपात्र होत नव्हतं, म्हणजे सगळेच्या सगळे परत यायला हवेत. मी रिटर्न भरताना २६एएसमध्ये ती नोंद नाही हे पाहिलं, पण कॉलेजचं पत्र हातात होतं म्हणून आकडा हाताने टाकला. सॉफ्टवेअरने इशारा दिला, मी पुढे सरकलो. तीन महिन्यांनी इंटिमेशन आलं : ना डिमांड, ना रिफंड.

कॉलेजच्या ऑफिसात गेलो. क्लार्क म्हणाले, "आम्ही भरलाय, हे बघा चलान." चलान होतं. त्यांच्या कॉम्प्युटरवर विवरणपत्राची एक्सेल उघडली, तिचं नाव होतं, आकडा ८,४०० बरोबर होता. पॅन मी मोठ्याने वाचायला लागलो आणि चार आकड्यांतल्या दुसऱ्यावर अडकलो. तिथे ९ होता, तिच्या कार्डावर १. मग मूळ बिल काढलं. मानधनाचं बिल मराठीत, आणि बाईसाहेबांनी पॅनची अक्षरं इंग्रजीत लिहून आकडे मराठीत लिहिले होते. तिचा देवनागरी १ टाइप करणाऱ्याने इंग्रजी नऊ म्हणून वाचला होता. झालं!

पुढची गंमत तर मला कॉलेजच्या कपाटातल्या फायलीत सापडली. तो चुकीचा पॅन अस्तित्वातच नव्हता. विवरणपत्र भरताना सॉफ्टवेअर एवढंच बघतं की रचना बरोबर आहे का : पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. मागाहून खात्याने तपासलं तेव्हा असा पॅन नाही म्हटल्यावर कॉलेजलाच नोटीस गेली होती, की पॅन नसलेल्याचा कर २० टक्क्यांनी कापायचा असतो, तुम्ही १० ने कापलात, उरलेले ८,४०० आणि व्याज तुम्ही भरा. ती नोटीस तीन महिने फायलीत पडून होती, कारण ती कशाची आहे हेच कुणाला उमगलं नव्हतं. एक दुरुस्ती विवरणपत्र भरल्यावर कॉलेजची मागणीही गेली आणि आमची नोंदही आली. कापणाऱ्याकडे दाद मागायला जाताना हे ध्यानात ठेवा. पॅन चुकलेला असेल तर बहुधा त्याच्याही मानगुटीवर नोटीस बसलेली असते. "माझं काम करून द्या" म्हणण्यापेक्षा "तुमची नोटीस यानेच मिटेल" म्हटलं की खुर्ची ओढून बसायला सांगतात.

दुसरी नेहमीची चूक एक्सेलमधली. नावांचा रकाना अकारविल्हे लावला आणि पॅनचा तसाच राहिला, किंवा मधली एक ओळ पुसली आणि खालचे सगळे पॅन एकेक घर वर सरकले. मग पाटलांचा कर पवारांना, पवारांचा फडक्यांना. हे पॅन खरे असतात, म्हणून नोटीस-बिटीस कुणालाच येत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे : पॅनचं चौथं अक्षर व्यक्ती असेल तर पी असतं आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर. कुलकर्णींसमोर पाचवं अक्षर के नसेल तर तिथेच बोट ठेवायचं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या पॅनमध्ये मात्र माहेरचंच अक्षर राहतं, कारण नाव बदललं तरी पॅन तोच राहतो. तिथे उगाच कुणी 'दुरुस्ती' करायला जाऊ नये.

कापणाऱ्याला तोंडी सांगून काम होत नाही. ईमेल किंवा पत्र द्या, आणि त्याला शोधाशोध करावी लागणार नाही असं द्या. मी देतो तो मजकूर असा :

"आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये आपण माझ्या मानधनातून पुढील तारखांना टीडीएस कापला आहे (तारखा व रकमा सोबत). ही कपात माझ्या २६एएसमध्ये दिसत नाही. माझा पॅन सोबतच्या कार्डाच्या प्रतीप्रमाणे आहे. कृपया संबंधित तिमाहीच्या विवरणपत्रात माझ्या नावासमोरचा पॅन व चलानाचा तपशील तपासून दुरुस्ती विवरणपत्र भरावे आणि ट्रेसेसवरून काढलेले फॉर्म १६ए द्यावे."

शेवटचं वाक्य गाळू नका. फॉर्म १६ चा भाग अ आणि फॉर्म १६ए (पगाराबाहेरच्या कपातीचा दाखला) ट्रेसेसवरूनच उतरवायचा असतो. त्यावर ट्रेसेसचं चिन्ह आणि प्रमाणपत्राचा क्रमांक असतो, आणि विवरणपत्र भरल्याशिवाय तो निघत नाही. कुणी वर्डमध्ये टाइप करून शिक्का मारलेला फॉर्म १६ हातात ठेवला तर समजायचं, विवरणपत्राच्या नावाने काहीतरी गडबड आहे.

दुरुस्ती झाली, २६एएसमध्ये एफ आला, की काम संपत नाही. सीपीसी आपण होऊन परत हिशेब करत नाही. पोर्टलवर रेक्टिफिकेशनमध्ये जाऊन अर्ज करायचा. रिटर्नमध्ये टीडीएस बरोबर लिहिला होता आणि आता फक्त जुळणी व्हायची असेल तर 'रिप्रोसेस द रिटर्न', टीडीएसच्या तपशिलात तुमच्याकडूनच टॅन वगैरे चुकला असेल तर 'टॅक्स क्रेडिट मिसमॅच करेक्शन'. ज्या आर्थिक वर्षात इंटिमेशन आलं ते संपल्यापासून चार वर्षं हा रस्ता खुला असतो. अपडेटेड रिटर्न भरून रिफंड वाढवता येत नाही, त्या वाटेला जाऊ नका. आणि कापणाऱ्यालाही जुनी विवरणपत्रं कायम दुरुस्त करता येत नाहीत, १ एप्रिल २०२५ पासून त्याला सहा वर्षांची मर्यादा आली आणि १ एप्रिल २०२६ पासून ती दोन वर्षांवर आली. पूर्वी पंधरा वर्षांपूर्वीच्या डिमांडी घेऊन लोक शाळा-ऑफिसांचे उंबरे झिजवायचे, ते आता चालणार नाही.

कंपनीने पैसे भरलेच नसतील तर

हा प्रकार बंद पडत आलेल्या कंपन्यांत जास्त. पगारातून कापायचा, आणि त्यावर दोन महिने धंदा चालवायचा. मग कंपनी बुडते, मालक फोन उचलत नाही, आणि डिमांड येते कामगाराला.

इथे कायदा तुमच्या बाजूने आहे, आणि बहुतेकांना ते माहीतच नसतं. कलम २०५ सांगतं की ज्या उत्पन्नातून कर कापला गेला, तो कापलेल्या मर्यादेत त्या माणसाकडून पुन्हा मागता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली नोकरदाराच्या बाजूने हेच सांगितलं. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही २०१५ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१६ मध्ये अधिकाऱ्यांना कळवलं की कापणाऱ्याने भरणा न केल्यामुळे उभ्या राहिलेल्या मागणीची सक्तीने वसुली करू नये. सीपीसीचा संगणक मात्र कलम २०५ वाचत नाही. तो २६एएस बघतो आणि डिमांड काढतो. म्हणून पोर्टलवर डिमांड अमान्य करायची, कारण लिहायचं, आणि आपल्या आकारणी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यायचा. दुसरा अर्ज कंपनीच्या टॅनवरून सापडणाऱ्या टीडीएस अधिकाऱ्याकडे.

सगळा डोलारा उभा असतो तो कापल्याच्या पुराव्यावर. नेमणूक पत्र, टीडीएसचा रकाना असलेल्या सॅलरी स्लिपा, आणि कापून उरलेलाच पगार जमा झाल्याचं दाखवणारं बँकेचं स्टेटमेंट. या तिन्हींचे आकडे महिन्या-महिन्याला जुळले पाहिजेत. म्हणून नोकरी सोडताना आधी सगळ्या स्लिपा उतरवून घ्या. कंपनीचा ईमेल बंद झाला की त्या गेल्याच. कापून न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे, कलम २७६बी खाली तुरुंगवासाची तरतूद आहे. मालकाला लिहिताना एवढा उल्लेख पुरतो, दमदाटीची भाषा लागत नाही.

दोन नोकऱ्या, आणि मधला खड्डा

आता तो अठ्ठ्याऐंशी हजारांचा मेसेज. इथे कुणीच चूक केलेली नसते, तरीही फटका बसतो, आणि बारा लाखांपर्यंतची करमाफी आल्यापासून तो मोठा झालाय. एक मुलगा बघा. २०२५-२६ मध्ये पहिले सहा महिने एका कंपनीत महिना १ लाख, पुढचे सहा महिने दुसरीकडे १ लाख ४० हजार. पहिल्या कंपनीने वर्षाचा अंदाज धरला १२ लाख, त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट, उरले सव्वाअकरा, कर शून्य. दुसरीने फक्त स्वतःचे ८ लाख ४० हजार धरले, तिनेही ७५,००० वजा केले, कर शून्य. दोघांनी मिळून एक रुपया कापला नाही. पोरगा खूश.

रिटर्नमध्ये सगळं एकत्र येतं : १४ लाख ४० हजार, वजावट एकदाच, उरले १३ लाख ६५ हजार. चार ते आठ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, आठ ते बारावर १० टक्क्यांनी ४०,०००, वरच्या १,६५,००० वर १५ टक्क्यांनी २४,७५०. एकूण ८४,७५०, त्यावर ४ टक्के उपकर धरून ८८,१४०. शिवाय वर्षभरात आगाऊ कर भरला नाही म्हणून २३४बी आणि २३४सी चं व्याज, जुलैत भरलं तरी जवळजवळ आठ हजार.

इलाज मार्चच्या आत करायचा असतो. नव्या कंपनीत रुजू होतानाच फॉर्म १२बी भरून जुन्या पगाराचा आणि कपातीचा आकडा द्यायचा, म्हणजे ती उरलेल्या महिन्यांत मिळून कापते. पोरं देत नाहीत, कारण जुना पगार सांगायचा नसतो. ठीक आहे, नका सांगू, पण मग आगाऊ कर स्वतः भरा. टीडीएस वजा जाता देणं १०,००० किंवा जास्त असेल तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च या तारखा तुमच्या आहेत. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या साठीपुढच्यांना यातून सूट आहे. आणि रिटर्न भरताना एकच फॉर्म १६ दाखवून दुसरा विसरायची हुशारी करू नका. दोन्ही कंपन्यांचे पगार त्याच पॅनवर बसलेले असतात.

एफडीवाले आजी-आजोबा

बँकेने १० टक्के कापले म्हणजे कर संपला असंही नाही, आणि कर लागतोच असंही नाही. ३० टक्क्यांच्या पट्टीतल्या माणसाला उरलेले २० टक्के स्वतः भरावे लागतात. उलट, पेन्शन महिना ३०,००० आणि एफडीचं व्याज १,२०,००० असलेल्या आजोबांचा कर शून्य येतो, पण व्याज एका बँकेत वर्षाला लाखावर गेलं म्हणून १२,००० कापले जातात. त्यांनी एप्रिलमध्येच फॉर्म १५एच, म्हणजे "मला कर लागत नाही, कापू नका" असं बँकेला कळवणारा फॉर्म, दिला असता तर कापलेच नसते. तो दर आर्थिक वर्षी नव्याने द्यावा लागतो, मागच्या वर्षी दिला होता हे बँक ऐकत नाही. साठीच्या आतल्यांसाठी १५जी, त्याच्या अटी जास्त कडक आहेत.

एक खोच मुदतीनंतर एकदम व्याज देणाऱ्या ठेवींची. बँक दरवर्षी साचलेल्या व्याजावर टीडीएस कापते, पैसे हातात येतात पाच वर्षांनी. "मिळालंच नाही तर दाखवू कशाला" म्हणून लोक व्याज दाखवत नाहीत, पण टीडीएस मात्र मागतात. उत्पन्न न दाखवता क्रेडिट मागितलं की कलम १३९(९) खाली सदोष रिटर्नची नोटीस येते, पंधरा दिवसांत दुरुस्त करा म्हणून. साचलेलं व्याज त्या त्या वर्षी दाखवून मोकळं व्हावं. आणि एखाद्याने उत्पन्न आधीच्या वर्षात दाखवून टाकलं, आणि समोरच्याने पैसे देताना टीडीएस पुढच्या वर्षात कापला, तर क्रेडिट चुकीच्या वर्षात जाऊन बसतं. यावर १ ऑक्टोबर २०२३ पासून फॉर्म ७१ आहे. कपात ज्या आर्थिक वर्षात झाली ते संपल्यापासून दोन वर्षांत तो भरला की क्रेडिट मागच्या योग्य वर्षात मिळतं. मुक्त काम करणारे लेखक, अनुवादक, चित्रकार यांना हा फॉर्म फार उपयोगाचा, कारण मार्चमध्ये दिलेल्या बिलाचे पैसे त्यांना पावसाळ्यात मिळतात.

गोव्यातल्या नवरा-बायकोंसाठी

गोव्याच्या नागरी संहितेखाली, मालमत्ता समाईक असलेलं लग्न असेल तर कलम ५ए लागू होतं : पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज, धंदा, नवरा-बायकोत निम्मं-निम्मं. मडगावच्या गृहस्थाच्या नावावर एफडी, व्याज ४ लाख, टीडीएस ४०,००० पूर्ण त्याच्या पॅनवर. रिटर्नमध्ये त्याने व्याज बरोबर २ लाख दाखवलं, पण टीडीएस मागितला ४०,०००. बायकोने २ लाख दाखवले आणि टीडीएस काहीच नाही. दोन्ही रिटर्न चुकीची. कराचं क्रेडिटही उत्पन्नामागे जातं, प्रत्येकी २०,०००. त्यासाठी शेड्यूल ५ए मध्ये जोडीदाराचा पॅन आणि वाटणी भरावी लागते, आणि टीडीएसच्या तक्त्यात जोडीदाराच्या हाती गेलेला भाग वेगळ्या रकान्यात दाखवावा लागतो. सहज, म्हणजे आयटीआर-१, यांना चालत नाही. महाराष्ट्रातल्या सल्लागाराकडून रिटर्न भरून घेणाऱ्या गोवेकरांनी हे त्याला आपण होऊन सांगावं.

कापणारे तुम्हीच असाल तर

५० लाख किंवा त्याहून महाग घर विकत घेताना १ टक्का कापून फॉर्म २६क्यूबीने भरायची जबाबदारी विकत घेणाऱ्याची, महिना संपल्यापासून तीस दिवसांत. घरभाडं महिना ५०,००० च्या वर असेल तर भाडेकरूने २ टक्के कापायचे. विकणारे दोघं असतील तर फॉर्म दोन. उशिराला दिवसाला २०० रुपये. विकणारा परदेशी राहणारा असेल तर १ टक्क्याचा हिशेबच लागू नाही, तिथे कलम १९५ येतं आणि कपात कितीतरी मोठी असते. तो अमेरिकेतला मावसभाऊ असला तरी.

रिफंड मंजूर, पण बँकेत नाही

हे टीडीएसचं दुखणं नाही, तरी विचारलं जातं म्हणून थोडक्यात. रिटर्न भरल्यापासून तीस दिवसांत ई-व्हेरिफाय केलंय का ते आधी बघा, नाहीतर रिटर्न भरलं असं धरतच नाहीत. मग बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट झालंय का. बँकांच्या विलीनीकरणात आयएफएससी बदललेली खाती तिथे जुन्याच कोडने पडून असतात, आणि पॅनवरचं नाव व खात्यावरचं नाव वेगळं असेल तरीही अडतं. दुरुस्त करून 'रिफंड रिइश्यू'ची विनंती टाकायची. पॅन आधारला जोडलेला नसेल तर तो निष्क्रिय धरतात आणि रिफंड सुटतच नाही. आधी १,००० रुपये शुल्क भरून तो जोडा, त्यानंतरच पुढचं काही हलतं.